नांदगावच्या वाटेवर

पंडरी हे नाव मराठी कानाला पहिल्या वेळी पंढरी असेच ऐकू येते. रायपुरास बदलून आलेल्या आम्हां मंडळींना देशावरून येणाऱ्या पत्रांवर कित्येकदा ‘पंढरी, रायपूर’ असाच पत्ता असतो, आणि टपालवाला तो बिनतक्रार पोहोचवतो. येथे चंद्रभागा नाही की वाळवंट नाही. आहे ती कापडाची मोठी घाऊक पेठ. तिच्या गर्दीतून वाट काढीत कचेरी गाठणे हाच आमचा नित्याचा वारकरीधर्म. परंतु या नामसादृश्यामुळे एक जुनी गोष्ट आमच्या मनात वारंवार येते. तिचा आरंभ येथून पश्चिमेस, रेल्वेने सत्तरएक किलोमीटरवर असलेल्या राजनांदगावच्या वाटेवर झाला, तिच्या मध्यावर खरीखुरी पंढरी आली, आणि तिचा शेवट नगर, राहुरी, सातारा या गावी झाला. ही गोष्ट म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांची. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ती ठाऊक आहे. पण तिच्यातील आमच्या या मुलुखाचा भाग बहुधा घाईने ओलांडला जातो.

ख्रिस्ती धर्म व छत्तीसगढ म्हटले की येथील लोकांना १८६८ साली ऑस्कर लोर या मिशनऱ्याने वसविलेले बिश्रामपूर आठवते. गावाच्या नावातच विश्राम आहे. तो इतिहास मुख्यतः सतनामी शेतकऱ्यांमधील कार्याचा, आणि त्याची नोंद येथील लोकांनी व मिशनने ठेवली आहे. टिळकांची हकीकत निराळी. ते येथे कोणाच्या उपदेशासाठी आले नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांसारखेच नोकरीसाठी आले होते.

राजनांदगाव हे तेव्हा वैष्णव बैराग्यांच्या गादीचे संस्थान होते. राजा बलरामदास यांच्या कारकीर्दीत तेथे कापडाची गिरणी उभी राहिली. पुढे बंगाल-नागपूर गिरणी म्हणून ओळखली गेलेली ती गिरणी २००२ साली कायमची बंद पडली. रायपूरकरांवर या राजाचे आणखी एक ऋण आहे. खारून नदीचे पाणी शहरास पुरविणारी, १८९२ साली सुरू झालेली पहिली नळयोजना त्यांच्याच देणगीतून झाली. (याच राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात पुढे मराठी घरातले, पण हिंदीचे थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अध्यापक होते. मराठी कवींना नांदगाव अगदीच परके नाही असे म्हणावयास हरकत नसावी.)

नागपुराहून नांदगावास यावयाचे म्हणजे भंडारा, गोंदिया करीत, सालेकसा-दरेकसाच्या जंगलातून डोंगरगडास यावे लागते. १८८७ नंतर बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने जुना मीटरगेज मार्ग हाती घेऊन रुंद केला व पुढे वाढविला. त्याच मार्गावरून १८९३ च्या सुमारास नागपूरचे बिऱ्हाड सोडून टिळक नांदगावच्या दरबारात नोकरी पाहावयास निघाले. वय बत्तिशीच्या आतबाहेर. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लहानपणीच गेली, घर सुटले, नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत झाले, लग्न झाले, पुढे गावोगाव मास्तरकी, कीर्तने, शीघ्रकवित्व आणि कोणतीही नोकरी फार दिवस न टिकणे. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम त्यांनी केले, ‘ऋषी’ नावाचे धार्मिक मासिकही चालविले. घरात न सांगता निघून जावे, हाती आलेला पैसा वाटून टाकावा, रागावले की सगळे घर डोक्यावर घ्यावे, हा त्यांचा स्वभाव लक्ष्मीबाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता रंगविला आहे. या धावपळीच्या मुळाशी एक प्रश्न होता. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाचे कसे व्हावे, आणि आपल्या जिवाला स्वस्थता कोठे मिळावी, हे दोन्ही त्यांच्या दृष्टीने एकच झाले होते. त्यासाठी आपणच नवा धर्म स्थापावा असा विचार त्यांच्या मनात घोळत होता आणि त्याची तत्त्वेही त्यांनी मनाशी जुळविली होती. एकच ईश्वर, सर्व माणसे भाऊ, जात नाही, मूर्ती नाही, कोणताही ग्रंथ अपौरुषेय नाही. आगगाडीत बसलेला मनुष्य हा असा होता. तो शिष्यत्व शोधीत नव्हता. मनाने तो आचार्यच झाला होता.

इंटर वर्गाच्या त्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी टिळकांना अदबीने जागा करून दिली. त्या काळी गोऱ्या प्रवाशाकडून एवढेही अपेक्षित नसे, हे सांगितले पाहिजे. बोलणे निघाले ते धर्माचे नव्हे, संस्कृत काव्याचे. मग ओघाने ख्रिस्ताचा विषय आला. त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलात तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना हे धारिष्ट्य विलक्षणच वाटले असले पाहिजे. नावे-गावे न विचारता दोघे वेगळे झाले. ते गृहस्थ कोण, याविषयी पुढे तर्क झाले. आम्हांस त्यांचे निनावी राहणेच योग्य वाटते.

टिळकांनी पुस्तक वाचले ते पंडिताच्या रीतीने, हाती पेन्सिल घेऊन. आरंभीची पाने त्यांच्या मनास आली नाहीत. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा व सातवा हे अध्याय आले, ज्यांस डोंगरावरील प्रवचन म्हणतात. आणि तेथे ते अडले. षड्दर्शनांत ज्या प्रश्नांची उकल त्यांना मिळाली नव्हती तिची दिशा या तीन अध्यायांत दिसते, असे त्यांस वाटले. त्याच शुभवर्तमानात चार अध्याय पुढे गेल्यावर ते प्रसिद्ध आमंत्रण येते, ज्यात कष्टी आणि ओझ्याखाली दबलेल्यांना येशू विसावा देऊ करतो. त्या आमंत्रणाची मौज अशी की, विसावा देतो म्हणणारा लगेच मानेवर जू घ्यावयास सांगतो. शेतकऱ्याला यात विसंगती दिसणार नाही. जुवाला दोन बैल लागतात, आणि नवखे खोंड नेहमी मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतात. ओढण्याचा भार त्याच्यावर असतो, खोंडाने फक्त मान हलवू नये आणि पावलास पाऊल लावावे. म्हणजे येथे विसावा काम टाकल्याने मिळत नाही. आपण एकटे ओढीत आहो हा भ्रम टाकल्याने तो मिळतो. हा अर्थ आमचा. शास्त्री-पाद्र्यांचा आणखी काही असेल. पण टिळकांच्या चरित्राला तो नेमका लागू पडतो, कारण नव्या धर्माचा गाडा ते तोपर्यंत एकटेच ओढीत होते.

नांदगावात त्यांचे मन शांत झाले, असे मात्र कोणी समजू नये. ग्रंथ पटला, पण पाऊल उचलेना. पत्नी, मूल, आप्त, जात, कीर्तनकार म्हणून मिळविलेली प्रतिष्ठा, हे सर्व एका बाजूस होते. बुद्धीला पटणे आणि जीव टाकून देणे यांत केवढे अंतर असते, हे समजण्यासाठी टिळकांच्या आधीच्या दोन मराठी माणसांकडे पाहिले पाहिजे.

पहिले नीळकंठशास्त्री गोरे. हेही परप्रांतातलेच मराठी. १८२५ साली झाशीजवळ जन्म, वास्तव्य काशीत. पाद्र्यांना वादात जिंकावे म्हणून ते गेले आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपुरास बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० चा. त्याच्या बळावर त्यांची विद्वत्ता युरोपातही मान्य झाली. परंतु या वैराग्यशील पुरुषाला संशयाने जन्मभर सोडले नाही. ज्या मतांचे त्यांनी खंडन केले तीच मते रात्री त्यांच्या उशाशी येऊन बसत, असेच म्हणावे लागते. आपली श्रद्धा दुबळी आहे हे त्यांनी लपविले नाही. आणि तरीही, किंवा म्हणूनच, २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मृत्यू येईपर्यंत ते फकिरासारखे राहिले. त्यांची कन्या एलेन लक्ष्मी गोरे हिने इंग्रजीत भजने रचली. तिचा संग्रह १८८३ साली निघाला, आणि त्यातील सर्वांत अधिक गाइले गेलेले भजन ख्रिस्ताच्या सान्निध्यात मिळणाऱ्या गुप्त विसाव्याविषयीच आहे. बापाला जे साधले नाही ते मुलीने गाइले. बापाच्या त्या तळमळीशिवाय मुलीला हे गाणे सुचले असते काय, हा विचार आमच्या मनात येतो.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. गोऱ्यांच्या लिखाणाने आपली समजूत पटली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली आपल्या श्रद्धेचा वृत्तान्त लिहिताना त्या सांगतात की, आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला तो पुष्कळ वर्षांनी. मधल्या काळात त्या अमेरिकेस गेल्या, १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले, विरोध सोसला, कीर्ती मिळविली. पण मन रिकामेच होते. काहीतरी सिद्ध करून दाखविण्याची हाव सुटली आणि हात पसरून घेण्याची तयारी झाली, तेव्हा समाधान आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला व केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, ते सारे या समाधानानंतरचे. शांती मिळाली म्हणून माणूस हातावर हात ठेवून बसतो ही समजूत रमाबाईंच्या चरित्राने तरी खोटी ठरते.

आता टिळकांकडे वळू. नांदगाव सुटले. मुंबईस डॉ. जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याशी त्यांचा संबंध आला. याच ॲबटांनी उतारवयात तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई आदी संतांना इंग्रजीत नेणारी ग्रंथमाला सिद्ध केली, हे मराठी माणसाने विसरू नये. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तो परक्या मिशनऱ्याच्या नव्हे तर भारतीय पाळकाच्या हातून. आगगाडीतील भाकिताची दोन वर्षेही पुरती झाली नव्हती.

ही बातमी लक्ष्मीबाईंवर कशी कोसळली ते त्यांच्याच शब्दांत वाचण्यासारखे आहे. आम्ही येथे त्याची नक्कल करणार नाही. ज्या घरात त्या वाढल्या तेथे वडिलांच्या सोवळ्याला सीमाच नव्हती. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. त्या घरची मुलगी, पदरी लहान दत्तू, आणि नवरा ख्रिस्ती झालेला! नवरा जिवंत असून नसल्यासारखा. या ठिकाणी आम्हांस टिळकांचा कैवार घेववत नाही. ज्या पुस्तकाने त्यांना माणसामाणसांतील बंधुत्व शिकविले, त्याच्या स्वीकाराची सर्वांत मोठी किंमत त्यांनी स्वतः दिली नाही. ती एका स्त्रीने दिली, आणि तीही तिला न विचारता. एकाच्या विसाव्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांतली झोप गेली, ही गोष्ट श्रद्धेच्या इतिहासात लिहिली गेलीच पाहिजे.

मात्र दुसरी बाजूही कागदावर आणू. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या इसमास, धर्मांतरामुळे पत्नी सहा महिने नांदावयास येत नसेल तर, न्यायालयाच्या चौकशीनंतर व ठरल्या मुदतीनंतर विवाहबंधन तोडून घेता येत असे. कायद्याची पुस्तके उलटण्याची आमच्यासारख्यांना सवय असते म्हणून हे सुचले. टिळकांनी ही वाट धरली नाही. मिशनमध्ये पुनर्विवाहाचे अनुकरण करण्याजोगे दाखले असतीलही. टिळक नगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवीत राहिले, पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. जन्मभर ज्या माणसाने कशाचीही वाट पाहिली नव्हती त्याने जवळजवळ पाच वर्षे वाट पाहिली. आमच्या मते त्याच्या अंतरी खरोखर काही घडले होते याचा बाप्तिस्म्याच्या दाखल्यापेक्षा हा पुरावा अधिक भक्कम आहे.

ती वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. बहिणीकडे पंढरपुरासही त्या राहिल्या. येथे आमच्या गोष्टीत खरी पंढरी येते. आजार, लोकांचे बोलणे आणि रडणे यांतूनच त्या कविता रचू लागल्या. नवऱ्यानेच शिकविलेली अक्षरे नवऱ्याच्या वियोगात कामास आली. पुढे त्या दत्तूला घेऊन नगरास आल्या, तरी त्या ख्रिस्ती व्हावयास आल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांचा स्वयंपाक निराळा; टिळकांनी त्यात कधी जबरदस्ती केली नाही. धर्माविषयी आग्रहाने तासन् तास बोलणारा हा मनुष्य घरात मात्र गप्प राहिला. एकत्र राहूनही कुणी कुणाला ओढत नव्हते.

मग राहुरीस एके दिवशी, कोणी उपदेश करीत नसता, त्या एकट्याच बसून विचार करीत होत्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर त्या माणसाच्या देहावर दिसल्या असत्या; ज्या अर्थी दिसत नाहीत त्या अर्थी त्या माणसाच्याच. एवढा साधा विचार, आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. टिळकांना जे तीन अध्याय, दोन वर्षे आणि सगळे दर्शनशास्त्र लागले, ते लक्ष्मीबाईंना बसल्या जागी उमगले. वडिलांच्या घरापासून वाहिलेले ते सोवळ्याचे ओझे होते. ते खाली ठेवताच किती हलके वाटले हे त्यांच्या निवेदनाच्या चालीवरूनच कळते. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या रडक्या किंवा पोक्त झाल्या नाहीत; नवऱ्याची फजिती सांगताना पूर्वीइतक्याच खुशीत राहिल्या. टिळकांचाही राग गेला नाही, उधळेपणा गेला नाही. घरात येईल त्याला थारा देण्याची खोड तर वाढतच गेली, आणि तिचा लाभ बालकवी ठोंबऱ्यांसारख्या पोरसवदा कवीस झाला.

या दोघांच्या श्रद्धेस शब्द मिळाले ते कोठून? सोळाशे सोळा साली गोमंतकात फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा त्याला ओवीच घ्यावी लागली. सुमारे अकरा हजार ओव्या त्याने रचल्या. नंतरच्या काळातील मिशनांच्या मराठी भजनांवर मात्र इंग्रजी चालींचे ओझे होते. टिळकांनी ते उतरविले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तने केली. त्यांची शेकडो पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत अद्याप गाइली जातात. ज्या भाषेत लेकरू माउलीच्या कडेवर निर्धास्त असते, ज्या भाषेत भक्त आपल्या बुद्धीचा गर्व पायाशी ठेवतो, त्या भाषेत त्यांना नम्र विश्वासाची गोष्ट सांगता आली. तुकोबांनी हा मार्ग आधीच मळून ठेवला नसता तर टिळकांना तो नुसता पटला असता, गाता आला नसता. धर्मांतराने मनुष्य आपल्या भाषेला पारखा होतो असे मानणाऱ्यांनी, आणि पारखे झालेच पाहिजे असे मानणाऱ्या मिशनमधील मंडळींनीही, हे ध्यानी घ्यावे.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली; १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग ते पाहू लागले. परंतु ख्रिस्ताचे जू आणि मिशनचा पगार या दोन वस्तू वेगळ्या आहेत, ही जाणीव त्यांस स्वस्थ बसू देईना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांनाही जागा होती. नांदगावच्या दरबारात नोकरी शोधावयास निघालेल्या माणसाचा हा दुसरा दरबार. येथे पगार नव्हता. पण यात नव्या धर्माच्या त्या जुन्या स्वप्नाची थोडी झाक आम्हांस दिसते. फरक एवढाच की या वेळी सिंहासनावर ते स्वतः नव्हते. दरबार फार दिवस चालवावयास मात्र ते उरले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या इस्पितळात त्यांचे देहावसान झाले.

मागे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांच्या हातून सुमारे अकरा अध्याय झाले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. लिहिता-वाचता येण्यापुरतेच शिक्षण झालेल्या, उतारवयाच्या या बाईंनी चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, आणि शेवटचा एक अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजे तोच पंढरपुरातला दत्तू, यांनी लिहून ग्रंथ पुरा केला.